चोपन्न टनांची पकड : डब्ल्यूडीजी-४ मालवाहू डिझेल इंजिन आणि कुळे–कॅसल रॉकचा घाट

कर्नाटकातील कॅसल रॉक आणि गोव्यातील कुळे या दोन स्थानकांमध्ये लोहमार्गाचे अंतर सुमारे २६ किलोमीटर आहे आणि या अंतरात सह्याद्रीचा कडा उतरावा लागतो. चढाचे प्रमाण ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर मार्ग एक मीटर उचलला जातो. मराठी वाचकाला हे प्रमाण परके नाही, कारण बोरघाटात आणि कसाऱ्याच्या थळघाटातही ते इतकेच आहे. फरक असा की मुंबईच्या त्या दोन्ही घाटांत १९३०च्या सुमारासच विजेची इंजिने आली, तर गोव्याच्या या घाटात आधी वाफेने आणि नंतर कित्येक दशके डिझेलने गाड्या ओढल्या. भारतातील अवजड डिझेल इंजिनांची खरी परीक्षा म्हणूनच येथे झाली. डब्ल्यूडीजी-४ या मालवाहू इंजिनाचा इतिहास मी या एका घाटाच्या संदर्भात मांडत आहे, कारण हे इंजिन का घेतले गेले आणि त्याने नेमके काय बदलले, या प्रश्नांची उत्तरे कारखान्याच्या नोंदींपेक्षा या चढावर अधिक स्पष्ट दिसतात.

नावाचा उलगडा आधी करून टाकू. ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘जी’ म्हणजे मालवाहतूक, आणि ४ म्हणजे चार हजार अश्वशक्ती. निर्मात्या जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रोमोटिव्ह विभागाने या प्रारूपाला जीटी-४६-एमएसी असे नाव दिले होते.

आधीची तीस वर्षे

१९९५ सालचा निर्णय समजून घेण्यासाठी १९६०च्या दशकापर्यंत मागे जावे लागते. वाफेची इंजिने बाजूला सारून डिझेलकडे वळताना भारतीय रेल्वेने १९६२च्या सुमारास दोन अमेरिकी इंजिने आणून पाहिली. त्यांपैकी अल्को कंपनीचे इंजिन पुढे डब्ल्यूडीएम-२ म्हणून घरोघरी ओळखीचे झाले, तर जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-४ फक्त ७२ नगांवर थांबले. दोघांचीही शक्ती २,६०० अश्वशक्तीच होती. मात्र रेल्वेला केवळ इंजिने विकत घ्यायची नव्हती, तर ती भारतात बांधायची होती, आणि त्यासाठी आवश्यक असलेले तंत्रज्ञानाचे हस्तांतरण अल्कोने मान्य केले. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून पहिले डब्ल्यूडीएम-२ जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या तीन दशकांत हेच यंत्र देशभरातील प्रवासी गाड्यांना तसेच मालगाड्यांना जोडले गेले.

अल्कोचा अमेरिकेतील कारखाना १९६९ मध्ये बंद पडला. मूळ निर्माताच उरला नाही, म्हणून त्या इंजिनात पुढे ज्या सुधारणा झाल्या त्या वाराणसीचा कारखाना आणि लखनौची संशोधन संस्था आरडीएसओ यांनी स्वतःच्या बळावर केल्या. हे काम लहान नव्हते, आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही असे मला वाटते. तेच सोळा सिलिंडरांचे यंत्र २,६०० वरून ३,१०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आले, त्याची इंधनाची भूक कमी करण्यात आली आणि जुलै १९९५ मध्ये खास मालगाड्यांसाठी नवी बोगी (म्हणजे इंजिनाखालची चाके आणि मोटारी धरून ठेवणारा सांगाडा) असलेले इंजिनही तयार झाले. त्याला आज आपण डब्ल्यूडीजी-३ए म्हणतो. पुणे–मिरज मार्गावर किंवा कोकण रेल्वेच्या ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो गाड्यांपुढे ज्यांनी पुण्याच्या शेडची, म्हणजे देखभाल-आगाराची, इंजिने पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर हेच इंजिन येईल.

याच वर्षी, १९९५ मध्ये, रेल्वेने जनरल मोटर्सशी ३१ इंजिनांचा करार केला. त्यांपैकी २१ मालवाहू होती : १३ पूर्ण बांधून आणायची आणि आठ सुट्या भागांच्या स्वरूपात आणून वाराणसीत जोडायची. उरलेली दहा प्रवासी गाड्यांसाठीची होती. त्यासोबत तंत्रज्ञानाचे हस्तांतरणही ठरले. ज्या निर्मात्याचे इंजिन तीस वर्षांपूर्वी ७२ नगांवर थांबले होते, तोच निर्माता या वेळी आराखड्यांसह वाराणसीत आला.

येथे प्रकरणाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. स्वदेशी प्रयत्नांतून ३,१०० अश्वशक्तीचे मालवाहू इंजिन हाताशी आलेले असताना त्याच वर्षी ४,००० अश्वशक्तीचे परदेशी इंजिन का घ्यावे? सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर ‘अधिक ताकदीसाठी’ असे असते. ते उत्तर अपुरे आहे, आणि या घाटाच्या बाबतीत तर ते बरेचसे चुकीचे आहे.

अश्वशक्ती आणि पकड

इंजिनाची अश्वशक्ती गाडीचा वेग ठरवते. गाडी मुळात हलेल की नाही, हे मात्र चाकाची रुळावरची पकड ठरवते. पोलादी चाक पोलादी रुळावर जेथे टेकते ती जागा एखाद्या नाण्याएवढी असते. इंजिन कितीही शक्तिमान असले तरी त्या जागेतील घर्षण जेवढे पेलू शकते तेवढाच जोर गाडीपर्यंत पोहोचतो, आणि त्याहून अधिक जोर लावला तर चाक जागच्या जागी फिरू लागते. रेल्वेची माणसे याला ‘चाक मारणे’ किंवा ‘स्लिप होणे’ म्हणतात. पकडीचे मोजमाप इंजिनाच्या वजनाच्या टक्क्यांत सांगितले जाते.

डब्ल्यूडीएम-२चे वजन सुमारे ११३ टन आणि सुरुवातीचा ओढण्याचा जोर सुमारे ३०.४ टन, म्हणजे वजनाच्या २७ टक्के. डब्ल्यूडीजी-३एचे वजन १२३ टन आणि जोर सुमारे ३८ टन, म्हणजे जवळपास ३१ टक्के. नवी बोगी आणि वाढवलेले वजन यांतून मिळालेली ही वाढ चांगलीच होती, पण ज्या तत्त्वावर ते यंत्र उभे होते त्याची मर्यादाही तेथेच येऊन ठेपली होती. डब्ल्यूडीजी-४चे वजन १२६ टन, म्हणजे अवघे तीन टन अधिक, आणि जोर मात्र सुमारे ५४ टन, म्हणजे वजनाच्या ४३ टक्क्यांच्या आसपास. अश्वशक्ती तीस टक्क्यांच्या आत वाढली आणि ओढण्याचा जोर चाळीस टक्क्यांहून अधिक वाढला. एवढ्या थोड्या वजनवाढीत हा पल्ला गाठता आला, याचे कारण चाकांना फिरवणाऱ्या मोटारी बदलल्या होत्या.

जुन्या इंजिनांत एकदिश (डीसी) प्रवाहाच्या मोटारी असत. अशा मोटारीचा स्वभाव असा की तिच्यावरचा भार एकाएकी हलका झाला तर ती वेगाने पळू लागते. चाक घसरणे म्हणजे नेमका भार हलका होणे, म्हणून एकदा घसरलेले चाक आवरण्याऐवजी अधिकच जोरात फिरते. नियंत्रण यंत्रणेला मग संपूर्ण इंजिनाची शक्ती खाली आणावी लागते, वाळू टाकावी लागते आणि पुन्हा हळूहळू जोर चढवावा लागतो. चढावर उभ्या राहिलेल्या अवजड गाडीच्या बाबतीत या काही सेकंदांची किंमत फार मोठी असते.

डब्ल्यूडीजी-४मध्ये तीन-कला (थ्री-फेज) प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, प्रवाहाच्या मोटारी आहेत. डिझेल यंत्रावर चालणारा अल्टरनेटर वीज निर्माण करतो, ती एकदिश करून सीमेन्सच्या इन्व्हर्टरांकडे दिली जाते आणि इन्व्हर्टर तिला हव्या त्या वारंवारतेच्या प्रत्यावर्ती प्रवाहात बदलून मोटारींना पुरवतात. अशा मोटारीचा वेग पुरवलेल्या वारंवारतेला बांधलेला असतो. चाक त्या वेगाच्या पुढे पळू लागले की मोटारीचा जोर आपोआप घटतो, त्यामुळे चाक स्वतःच आवरले जाते. शिवाय या मोटारींना ब्रश आणि कम्युटेटर, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणारे भाग, नसतात, आणि जुन्या मोटारींच्या देखभालीतील बहुतेक त्रास या दोन भागांभोवतीच फिरत असे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की रुळाशी चाकाची सर्वाधिक पकड चाक अजिबात घसरत नसताना मिळत नाही, तर ते गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरत असताना मिळते. हे ‘किंचित’ ओलांडले की पकड सुटते. म्हणून डब्ल्यूडीजी-४चा संगणक चाकांना त्या सीमेवरच खेळवत ठेवतो. सगळीच चाके थोडी घसरत असतील तर गाडीचा खरा वेग चाकांवरून कळणार नाही, म्हणून इंजिनाच्या पोटाखाली रडार बसवलेले असते आणि ते थेट जमिनीकडे पाहून वेग मोजते. पावसाळी रात्री, ओल्या रुळांवर, दाट जंगलातून गाडी चढत असताना सेकंदाच्या लहानशा भागात घेतले जाणारे हे निर्णय माणसाच्या हाताच्या आणि कानाच्या आवाक्यात नव्हते. घाटातल्या जुन्या चालकांकडे ती कला होती, आणि तिच्याविषयी मला अत्यंत आदर आहे, तरी हे मान्य करावेच लागेल.

बोगीचाही यात वाटा आहे. इंजिन जोर लावते तेव्हा त्याचे वजन मागच्या चाकांकडे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि तीच आधी घसरतात. डब्ल्यूडीएम-२च्या बोगीत तिन्ही मोटारी एकाच दिशेने मांडलेल्या नव्हत्या आणि आसांमधील (अ‍ॅक्सलमधील) अंतरही समान नव्हते. नव्या बोगीत मोटारींची मांडणी एका दिशेने केलेली आहे, त्यामुळे वजन सहाही आसांवर अधिक सारखे राहते.

हे तंत्र भारतासाठी शोधले गेले नव्हते. इलेक्ट्रोमोटिव्ह आणि सीमेन्स यांनी ते १९९०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सिद्ध केले आणि १९९३ पासून एसडी-७०-एमएसी हे इंजिन बर्लिंग्टन नॉर्दर्नच्या कोळशाच्या गाड्यांना लागले. परंतु ते इंजिन सुमारे १८८ टनांचे आहे, म्हणजे प्रत्येक आसावर ३१ टनांहून अधिक भार. भारतातील रूळ आणि पूल तेव्हा तेवढा भार घेऊ शकत नव्हते. येथे प्रत्येक आसावर २१ टन हीच मर्यादा धरून, म्हणजे मूळच्या दोन तृतीयांश वजनात, तेच ७१० जातीचे सोळा सिलिंडरांचे दोन-आघाती (टू-स्ट्रोक) डिझेल यंत्र आणि तीच ४,००० अश्वशक्ती बसवायची होती. वजन कमी म्हणजे पकड कमी, आणि तरीही अमेरिकी इंजिनाइतकीच टक्केवारी साधली गेली. जीटी-४६-एमएसी या प्रारूपाचे वैशिष्ट्य मला येथे दिसते.

घाटाचे गणित

तपशिलांपेक्षा एक गणित अधिक सांगून जाईल. ३७ला १ या चढावर प्रत्येक टन वजनामागे सुमारे २७ किलो जोर फक्त चढासाठी लागतो आणि सरळ रुळावर चाके फिरती ठेवण्यासाठी आणखी दोन किलो धरता येतात. उघड्या बॉक्सएन जातीच्या ५८ वाघिणी (मालडबे) पूर्ण भरल्या तर गाडीचे वजन सुमारे ४,७०० टन होते. म्हणजे ही गाडी चढवण्यासाठी, वळणांचा अडथळा सोडूनही, सुमारे १३७ टन जोर हवा, आणि इंजिने स्वतःचे वजनही त्याच चढावर वाहून नेत असतात.

इंजिन मोटारी न तापवता सलग, कितीही वेळ, जेवढा जोर लावू शकते तो डब्ल्यूडीएम-२च्या बाबतीत सुमारे २५ टन आहे. त्यातून इंजिनाला स्वतःला चढवण्यासाठी सव्वातीन टन खर्च होतात आणि गाडीसाठी साधारण साडेएकवीस टन उरतात. म्हणजे सात इंजिने, आणि वळणांचा तसेच ओल्या रुळांचा विचार केल्यास त्याहूनही अधिक. डब्ल्यूडीजी-४चा सलग जोर सुमारे ४१ टन आहे, त्यातून साडेतीन-पावणेचार टन वजा जाता ३७ टन उरतात. म्हणजे चार इंजिने, आणि सुरक्षित अंतर ठेवायचे तर पाच.

आता अश्वशक्तीची बेरीज करून पाहा. सात डब्ल्यूडीएम-२ इंजिनांची मिळून १८,२०० अश्वशक्ती होते आणि चार डब्ल्यूडीजी-४ इंजिनांची १६,०००. तीच गाडी, तोच घाट, आणि नव्या इंजिनांना अश्वशक्ती कमीच लागली. वर मी जे म्हटले की ‘अधिक ताकदीसाठी’ हे उत्तर या घाटाच्या बाबतीत चुकीचे आहे, त्याचा आधार हा आहे.

कुळे स्थानकात उभे राहून जो पाहील त्याला या गणिताचे प्रत्यक्ष रूप दिसत असे : गाडीच्या पुढे दोन किंवा तीन डब्ल्यूडीजी-४ आणि मागे दोन किंवा तीन. सगळी इंजिने पुढेच का लावत नाहीत, असा प्रश्न नवख्याला पडतो. पाचही इंजिनांचा जोर पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर, म्हणजे जोडणीवर, आला तर ते तुटण्याची भीती असते, आणि चढावर गाडी तुटणे म्हणजे मागचा अर्धा भाग उताराला लागणे. म्हणून काही इंजिने मागून रेटतात. घाटातील या मागच्या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात आणि हा शब्द कर्जत–लोणावळ्याच्या प्रवाशांनाही ठाऊक असतो.

हुबळीची शेड आणि उतरणारे लोहखनिज

पहिले डब्ल्यूडीजी-४, क्रमांक १२००१, १९९९ मध्ये भारतात आले आणि ही इंजिने हुबळीच्या डिझेल शेडकडे सोपवण्यात आली. ही निवड योगायोगाने झालेली नव्हती. बेल्लारी–होस्पेट भागातील लोहखनिज हुबळी, लोंढा, कॅसल रॉकवरून मुरगाव बंदरात जात असे. मीटरगेजच्या काळात घाटात अल्को घराण्यातील वायडीएम-४ ही लहान डिझेल इंजिने हे काम करीत. १९९०च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला, त्यामुळे मोठ्या वाघिणी आणि पूर्ण लांबीच्या गाड्या घाटापर्यंत येऊ लागल्या. मार्ग एकेरीच होता आणि सह्याद्रीच्या कड्यात दुसरी जोडी टाकणे सोपे नव्हते. अशा मार्गाची क्षमता वाढवण्याचा एकच उपाय उरतो : प्रत्येक गाडी अधिक वजनाची करणे.

खनिज खाली उतरत होते, म्हणजे भरलेली गाडी उतारावर होती आणि रिकामी चढावर. मग पकडीचे एवढे कौतुक कशासाठी? कारण उतारावरही प्रश्न तोच असतो, फक्त उलट बाजूने. ४,७०० टनांची गाडी आणि पाच इंजिने यांना हा उतार सुमारे १३० टन जोराने खाली खेचत असतो. हा सगळा जोर वाघिणींच्या ब्रेकांनी थोपवायचा ठरवला तर ब्रेकचे ठोकळे आणि चाके तापतात, आणि तापलेल्या ब्रेकांची धरण्याची ताकद कमी होते. म्हणूनच या घाटात करंझोळ, दूधसागर आणि सोनावळी येथे थांबून तपासण्या होतात आणि आवर सुटलेल्या गाडीसाठी चढाच्या आंधळ्या मार्गिका, म्हणजे कॅच सायडिंग, ठेवलेल्या आहेत. इंजिनाचा डायनॅमिक ब्रेक हा भार हलका करतो. मोटारींना जनित्र बनवून गाडीची गती विजेत बदलली जाते आणि ती वीज छतावरच्या रोधकांत उष्णता म्हणून सोडून दिली जाते. येथेही जोर अखेर चाकाच्या रुळावरील पकडीतूनच जातो. प्रत्यावर्ती मोटारींचा फायदा असा की हा ब्रेक अगदी कमी वेगापर्यंत परिणामकारक राहतो, तर जुन्या मोटारींत वेग उतरला की त्याचा जोरही उतरत असे. धुक्यात आणि पावसात हळूहळू उतरणाऱ्या गाडीला हाच फरक मोलाचा ठरतो.

पुढे परिस्थिती उलटली, आणि या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग तोच आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या मागणीमुळे खनिजाची वाहतूक शिगेला पोहोचली. २०१० मध्ये कर्नाटकाने खनिजाची निर्यात थांबवली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेल्लारीतील खाणकाम स्थगित केले, तेव्हा उतारावरचा हा भार ओसरला. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा तोरणगल्लू परिसरातील पोलाद कारखान्यांकडे वर जात होताच, आता तोच मार्गावरचा मुख्य माल झाला. भरलेली गाडी उतरण्याऐवजी चढू लागली. रोखण्यासाठी जी इंजिने योग्य ठरली होती तीच आता ओढण्यासाठी लागली, आणि या बदलासाठी रेल्वेला नवे इंजिन शोधावे लागले नाही. १९९५ मध्ये करार करणाऱ्यांना हा बदल दिसला असण्याचे कारण नाही, परंतु त्यांनी अश्वशक्तीऐवजी पकडीला दिलेली किंमत दोन्ही दिशांना उपयोगी पडली.

वाराणसीत काय घडले

पहिले स्वदेशी डब्ल्यूडीजी-४ मार्च २००२ मध्ये वाराणसीहून निघाले. त्यानंतरची काही वर्षे संख्या हळूहळूच वाढली आणि कारखाना अल्कोची इंजिनेही बांधत राहिला. यावर टीका होत असे की आधुनिक यंत्र हाती असताना जुने का बांधावे. मला ही टीका अर्धीच पटते. नव्या इंजिनांचे इन्व्हर्टर आणि नियंत्रण यंत्रणा बाहेरून येत होत्या आणि महाग होत्या, शेडमधील कामगारांचे हात अल्कोवर बसलेले होते आणि देशातील बहुतेक मार्गांवर ३७ला १ चा चढ नव्हता. सपाट मार्गावर डब्ल्यूडीजी-३ए आपले काम नीट करीत होते. पण घाटांत आणि खनिजाच्या मार्गांवर नवे इंजिन लवकर पोहोचायला हवे होते, हेही तितकेच खरे आहे.

शेडमधील बदलही सोपा नव्हता. डब्ल्यूडीएम-२ साधारण पंधरवड्याने देखभालीसाठी शेडमध्ये यावे लागे आणि डब्ल्यूडीजी-४साठी हा अवधी ९० दिवसांचा ठरवण्यात आला. इंजिन तीन महिने रुळावर राहणार म्हणजे शेडमधल्या प्रत्येक भेटीत होणारे काम अधिक नेमके असले पाहिजे. सुरुवातीच्या इंजिनांत एका बोगीच्या तीन मोटारींना मिळून एकच इन्व्हर्टर वीज पुरवत असे. तिन्ही मोटारींना एकच वारंवारता मिळते, म्हणून तिन्ही आसांच्या चाकांचा व्यास जवळजवळ सारखा ठेवावा लागतो, नाहीतर एक मोटार अधिक भार घेते आणि दुसरी कमी. पूर्वी ज्या चाकाची झीज थोडी कमी-अधिक असली तरी चालत असे, तेथे आता मोजपट्टीचा शब्द अखेरचा झाला. कालांतराने जुन्या थायरिस्टर जातीच्या इन्व्हर्टरांची जागा आयजीबीटी या नव्या अर्धवाहक जातीच्या इन्व्हर्टरांनी घेतली, त्यांचे उत्पादन भारतात होऊ लागले आणि यंत्राची शक्ती ४,५०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली.

एका उणिवेची नोंद केली पाहिजे. मूळ डब्ल्यूडीजी-४ला चालकाची केबिन एकाच टोकाला होती. इंजिन उलट्या दिशेने चालवायचे झाले की चालकापुढे यंत्राची लांब पेटी येते आणि सिग्नल व वळणे पाहणे कठीण होते. घाटात, जेथे बँकर इंजिने सतत वर-खाली ये-जा करतात, तेथे हा त्रास रोजचा असतो. पुढे दोन्ही टोकांना केबिन असलेली डब्ल्यूडीजी-४डी आवृत्ती आली. लोको पायलटांच्या दृष्टीने मला ही सुधारणा वाढीव अश्वशक्तीपेक्षा मोठी वाटते.

भावंडांची साक्ष

पकडीचा मुद्दा खरोखर इतका निर्णायक होता का, हे तपासण्यासाठी याच कराराखालील दुसरे इंजिन पाहता येते. प्रवासी गाड्यांसाठीच्या डब्ल्यूडीपी-४मध्ये डिझेल यंत्र तेच होते आणि अश्वशक्तीही तीच ४,०००. पण वजन आणि खर्च वाचवण्यासाठी सहापैकी चारच आसांना मोटारी दिल्या होत्या, आणि त्याचा सुरुवातीचा जोर सुमारे २७ टन, म्हणजे मालवाहू भावंडाच्या निम्माच होता. लांब आणि जड प्रवासी गाड्या सोडताना या इंजिनाची चाके घसरत असल्याच्या तक्रारी आल्या. अखेर २०१०च्या सुमारास सहाही आसांना मोटारी असलेली डब्ल्यूडीपी-४बी आवृत्ती काढावी लागली. अश्वशक्ती तीच ठेवून केवळ पकड कमी केली तर काय होते, याचा प्रयोग नकळत घडून गेला होता.

दुसरी साक्ष उलट बाजूची आहे. २०१२ मध्ये वाराणसीने वीस सिलिंडरांचे, ५,५०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-५ बांधले आणि त्याला ‘भीम’ असे नाव दिले. अश्वशक्ती ३७ टक्क्यांनी वाढली, परंतु सुरुवातीचा जोर जेमतेम दोन टनांनी वाढला, कारण पकडीची मर्यादा डब्ल्यूडीजी-४नेच जवळपास गाठलेली होती. अशी अगदी थोडीच इंजिने बांधली गेली.

विजेचा काळ आणि एकेरी घाट

त्यानंतरचा इतिहास वेगाने घडला, आणि तो इंजिनाच्या गुणदोषांपेक्षा रेल्वेच्या विद्युतीकरणाच्या धोरणाचा इतिहास आहे. बिहारमधील मढौरा येथील कारखान्यातून जनरल इलेक्ट्रिकची नवी मालवाहू डिझेल इंजिने येऊ लागली, त्याच सुमारास रेल्वेने संपूर्ण ब्रॉडगेज जाळे विजेवर नेण्याचे ठरवले. वाराणसीचा कारखाना विजेच्या इंजिनांकडे वळला. तेथे दोन डब्ल्यूडीजी-३ए इंजिनांचे रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीची विजेची जोडी बनवण्यात आली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिचे लोकार्पण झाले. पुढच्याच वर्षी कारखान्याच्या नावातील ‘डिझेल’ हा शब्द गेला आणि तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाला. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्सने इलेक्ट्रोमोटिव्ह विभाग २००५ मध्येच विकला होता आणि २०१० मध्ये तो कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेल या उपकंपनीकडे गेला.

घाटाचा मार्ग दुहेरी करण्याची योजना मात्र अडली. तिनईघाट–कॅसल रॉक–कुळे हा पट्टा अभयारण्याच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून जातो. दुसऱ्या मार्गासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली आणि वन्यजीवांवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नव्याने प्रस्ताव मांडण्याची मुभा ठेवली. त्या जंगलाचा विचार करता मला हा निर्णय योग्य वाटतो. इंजिनांच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ असा की या २६ किलोमीटरांत गाड्यांची संख्या वाढवायला जागा नाही, आणि जो काही माल वर न्यायचा आहे तो त्याच एकेरी मार्गावरून, प्रत्येक गाडीत जास्तीत जास्त वजन घालून आणि पुढे-मागे इंजिने लावूनच न्यावा लागेल.